पोरगी जर्मनीत, काम सोलापूरचं: चालतं का?

एक आई, जुळे सोलापूर:
मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करतीय. आधी इथं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायची. मालक म्हणाले, "तिथनंच कर, रविवार सोडून रोज चार तास." पैसे इथल्याच खात्यात जमा होतात. मला तर बरं वाटतं. हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा हातचा अनुभव टिकतो, लोनचं व्याजही निघतं. जाऊबाई म्हणतात, हे नियमात बसत नाही.

होटगी रोडवरचा:
ताई, जाऊबाईंचं बरोबर आहे. मालक सोलापुरात असले तरी काम करणारी जर्मनीत बसलीय, त्यामुळं कायदा तिथला. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला तिथं वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तास म्हणजे अर्धा दिवस. रविवार सोडून रोज धरलं तर ३१३ होतात! आणि हा पगार आहे की फी? फी असेल तर तो स्वतंत्र व्यवसाय ठरतो. त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

एक आई:
दहा टक्के टीडीएस कापून येतात. म्हणजे फीच की ओ. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

कॅनडात शिकणारा, मूळचा सात रस्त्याचा:
काकू, घाबरून काम सोडायला लावू नका. प्रत्येक देशाचं वेगळं असतं. इथं कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे, पण देशाबाहेरच्या मालकाचं ऑनलाइन काम त्यात धरत नाहीत. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करूनच सेमिस्टर काढतोय. तिला रीतसर परवानगी मागू द्या. मिळाली तर हे काम सोन्यासारखं आहे.

निवृत्त प्राध्यापिका:
परवानगी मिळाली तरी माझा विरोधच. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे असते. कारखान्याचे साडेनऊ म्हणजे तिचे पहाटेचे पाच. लाखांचं कर्ज काढून पाठवलंय ते शिकायला. वर्गात पेंगली तर तो अनुभव काय कामाचा?

एक आई:
पहाटेचं खरं आहे. परवा व्हिडिओ कॉलवर कोट घालूनच बसली होती, मांडीवर लॅपटॉप, शेजारी कोरा चहा, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. तरी मॅडम, काम सोड म्हणायला माझं मन होत नाही. त्या कारखान्यात तिनं तीन वर्षं घातलीत. परवानगी येईपर्यंत मात्र थांबायला सांगितलंय. मालकांशी उद्या मीच बोलते.