डोहाळजेवणाची आरास घरीच करायची: कागदाची की फुलांची?

सुईदोरा
खर्च कमी ठेवायचा तर आरास कागदाचीच करावी, असं माझं ठाम मत. फुलं ऐन सकाळी ओवावी लागतात, आणि तेव्हाच स्वयंपाक, पाहुणे, ओटीची तयारी सगळं अंगावर आलेलं असतं. कागदकाम आठवडाभर आधी उरकता येतं.

उदाहरणार्थ, मागची चंद्रकोर. फ्रिजचं खोकं उलगडून घ्या. खिळा आणि दोरीने दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुसरा खिळा नऊ इंच बाजूला ठोकून दीड फूट त्रिज्येचं. मधला भाग कापला की मध्ये सव्वा फूट रुंद अशी कोर मिळते. अशा दोन कोरी कापून चिकटवा, पण पुठ्ठ्यातली पन्हळ एकीची उभी, दुसरीची आडवी हवी. दोन्ही एकाच दिशेने असल्या तर टोकं वाकतात. फेविकॉलमध्ये पाणी घालू नका, पुठ्ठा भिजून फुगतो. रात्रभर वजनाखाली ठेवून मग वर सोनेरी कागद लावा. कोर भिंतीलाच टांगायची, तिच्यावर कुणी टेकायचं नाही. गर्भवतीला पुढे पाठ असलेली भक्कम खुर्ची द्या.

पंचवटीकर
कोर छान होईल, पण फुलांशिवाय डोहाळजेवण मला पटत नाही. दागिनेही कागदाचेच करणार का? क्रेप कागदाचा रंग घामाने सुटतो आणि हिरव्या साडीच्या काठावर उतरतो. तो डाग धुऊनही जात नाही.

दसरा-दिवाळी सोडली तर झेंडू परवडतो. मध्यम आकाराची साधारण सव्वाशे ते दीडशे फुलं एका किलोत बसतात, देठाकडून सुई घालून दाटीने ओवली तर चार मीटर माळ होते. दोरा दुहेरी घ्या, एकेरी मध्येच तुटतो. फुलबाजारातून आदल्या संध्याकाळी फुलं आणली तरी चालतात. बिघडतात ती पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यामुळे. आत वाफ धरते आणि पाकळ्या काळ्या पडतात. टोपलीत सुती फडक्यावर मोकळी पसरा.

सुईदोरा
क्रेप अंगावर नको, हे मान्य. दागिने साटीनच्या फितीचे करा, रंग पक्का आहे का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघा. पण वासाचं काय? बंद खोलीत निशिगंध आणि मोगरा एकत्र आले की ज्यांना वास सहन होत नाही त्यांना मळमळतं. समारंभ जिच्यासाठी, तिला आधी विचारा. झेंडूचाही वास काहींना चालत नाही.

मेनरोड
एवढा खटाटोप कशाला? फुग्यांची कमान करा, तासाभरात होते.

पंचवटीकर
फुगे स्वस्त वाटतात, पण सहा फुटांची भरगच्च कमान करायला शंभराच्या आसपास लागतात, वर पंप वेगळा. गच्चीवर उन्हात पटापट फुटतात, आणि अशा कार्यक्रमात तो दणका नकोच. थर्माकोलची अक्षरंही कुणी सुचवू नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.

काठपदर
कागद आणि फुलं, दोन्ही बाजूंचा मुख्य खर्च पार्श्वभूमीवर होतो. ती घरातल्या दोन साड्यांनी फुकट होते. खिडकीच्या दोन गजांना दोरी ताणून बांधा, साडीच्या चार-चार इंचांच्या निऱ्या घाला आणि लाकडी चिमट्यांनी अडकवा. पैठणीला सेफ्टी पिन लावू नका, जरीचा धागा ओढला जातो. डिस्टेंपरच्या भिंतीला चिकटपट्टीही नको. पावसाळी हवेत सुटते आणि काढताना रंगाची पापुद्री घेऊन येते.

सुईदोरा
साड्यांचं पटलं. कागद मग फक्त कोरीला आणि "बर्फी की पेढा" पाटीला लागेल. झोपाळा असेल तर मात्र फुलं असोत वा फिती, साखळीवर हात धरण्याची वीतभर जागा मोकळीच सोडा. माळ तिथून घसरते, आणि बसता-उठताना गर्भवतीला साखळीच घट्ट धरावी लागते.

पंचवटीकर
ते मीही सांगणार होतो. पण वेणी आणि बाजूबंद खऱ्या फुलांचेच, तिथे मी हटणार नाही. पाव किलो शेवंती पुरते, पाकळ्या गळू नयेत म्हणून घट्ट, अर्धवट उमललेली घ्या.