विळ्याचं पाणी, भाकरीचं पाणी, गव्हाचं पाणी

नवी_सून, दारव्हा तालुका
इथे दिवसभर 'पाणी' ऐकते. विळ्याला पाणी दे, भाकरीला पाणी लाव, गव्हाला दुसरं पाणी झालं. प्रत्येकात नेमकं काय करतात? आणि 'पाणी आला' का म्हणतात?

ऐरण
'पाणी आला' म्हणजे पाऊस आला, म्हणून पावसासारखंच 'आला'. प्यायचं पाणी मात्र 'आणलं'च.

विळ्याचं सांगतो. पाणी देणं म्हणजे धार कडक करणं. पातं चुंबक चिकटेना इतकं लाल करायचं आणि फक्त धारेची बाजू बोटभर पाण्यात धरायची. सगळं बुडवलं तर पातं आपटल्यावर तुटतं. लगेच धार दगडावर घासून चकचकीत करा. पाठीतली धग धारेकडे सरकते तसे रंग चढतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. तपकिरी दिसला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावरच थांबवलं तर खड्यावर खांडे पडतात, निळं होऊ दिलं तर धार मुडते. उन्हात रंग ओळखू येत नाही, सावलीतच करा.

साध्या लोखंडी पट्टीला पाणी चढतच नाही, तिच्यात कार्बन कमी. म्हणून ट्रकचा कमानपट्टा (स्प्रिंगची पट्टी) घेतात. तो थंड पाण्यात तडकू शकतो, मग तेलात बुडवतात. नाव तरीही पाणीच!

चुलीपाशी
जवारीची भाकर तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर ओला हात फिरवायचा. हेच पाणी लावणं. पाणी वाळत आलं की उलटवा. ओली उलटवली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडून फुगत नाही. थापतानाच चिरत असेल तर पिठाची विरी (चिकटपणा) गेली समजा, उकळत्या पाण्यात भिजवा.

वांग्याच्या भाजीवर पाण्याचं ताट ठेवतात, ते वेगळं. वाफ ताटाला लागून परत भाजीत पडते, म्हणून ती खाली लागत नाही. रस्सा करायचा तर तेच गरम पाणी घाला.

ओलितवाला
गव्हाचं पाणी म्हणजे ओलिताची पाळी. विहिरीत तीनच पाळ्यांपुरतं असेल तर पेरणीपासून २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. दोनच असतील तर मधली सोडा. एकच असेल तर ४०-४२ व्या दिवशी.

हरभऱ्याला हा हिशेब लावू नका. भारी काळ्या जमिनीत जास्त पाणी झालं की त्याचा नुसता पाला वाढतो आणि घाटे कमी लागतात. हलकं पाणी द्या, सरीत साचू देऊ नका.