मदत हवी आहे : मिडलसेक्स काउंटीच्या कोर्टातून मामांच्या मृत्युपत्राची प्रत कशी मिळवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे मामा गेल्या वर्षी अमेरिकेत वारले. मामी आधीच गेल्या होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हते. मामांनी तिकडे मृत्युपत्र केले होते व ते कोर्टात दाखलही झाले आहे, असे त्यांच्या एका मित्राने आईला फोनवर सांगितले. त्यापलीकडे त्यांना माहिती नाही. कोथरूडचा एक फ्लॅट मामांच्या नावावर आहे आणि मृत्युपत्राची कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत आणल्याशिवाय हस्तांतरणाचा अर्ज विचारात घेणार नाही, असे सोसायटीने लेखी कळवले आहे.

मी मिडलसेक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) नोंदी इंटरनेटवर शोधल्या. एका खासगी संकेतस्थळाने न्यायालयीन नोंदी देतो असे सांगून कार्डावरून पैसे घेतले आणि बदल्यात मामांचे जुने पत्ते तेवढे पाठवले. कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकले तर एकही नोंद दिसत नाही. नोंदी सार्वजनिक असतील तर त्या दिसत का नाहीत? भारतात बसून ही प्रत नेमकी कोणाकडे मागायची, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया लवकर सांगावे. सोसायटीने दिलेली मुदत संपत आली आहे.

बॉस्टनवासी

मिडलसेक्समधील मृत्युपत्रांची प्रकरणे प्रोबेट अँड फॅमिली कोर्टाकडे असतात. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करणे. सासऱ्यांच्या वेळी हे सारे मी स्वतः केले आहे. ट्रायल कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रोबेट विभागात मिडलसेक्स निवडून आडनाव टाकले, की प्रकरणाचा क्रमांक आणि दाखल झालेल्या कागदांची तारीखवार यादी विनामूल्य दिसते. तो क्रमांक घालून रजिस्ट्रीकडे, म्हणजे कोर्टाच्या नोंदणी कार्यालयाकडे, पत्र पाठवावे. आपल्याला यादी दिसत नसेल, तर आपण बहुधा दुसऱ्याच विभागात शोधत आहात.

पैलतीर

बॉस्टनवासी, आपण मॅसॅच्युसेट्सची पद्धत सांगत आहात, परंतु कृष्णाकाठ यांनी राज्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही. मिडलसेक्स नावाची काउंटी मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि व्हर्जिनिया या चार राज्यांत आहे आणि मृत्युपत्र सांभाळणारे कार्यालय प्रत्येक ठिकाणी निराळे आहे. व्हर्जिनियात ते सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे असते. कनेक्टिकटने काउंटीचे प्रशासन १९६० मध्येच मोडीत काढले, त्यामुळे तिथली प्रोबेट कोर्टे आपापल्या वेगळ्या जिल्ह्यांनुसार चालतात आणि काउंटीच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कृष्णाकाठ, राज्य कोणते, मामा कोणत्या गावी राहत होते आणि मृत्यू कधी झाला, हे आधी सांगा. मामांचे नाव मात्र इथे उघड लिहू नका.

कृष्णाकाठ

मामा एडिसनचे, म्हणजे अर्थातच न्यू जर्सी. गेल्या वर्षी पावसाळ्यात वारले. मला तिथल्या कोर्टांची रचना समजून घ्यायची नाही, प्रत हवी आहे. न्यू जर्सीच्या न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर दिवाणी दाव्यांचा शोध आहे, त्यात मी नाव टाकले होते.

अनिकेत_पु

यासाठी 'पेसर' नावाची अधिकृत व्यवस्था आहे. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, पानामागे १० सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर लागतात, आणि तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर तेही माफ होते. मी कंपनीच्या कामासाठी ती नेहमी वापरतो. साऱ्या अमेरिकेतील कोर्टांची कागदपत्रे घरबसल्या उतरवून घेता येतात, मग पत्रव्यवहारात वेळ का घालवावा?

पैलतीर

अनिकेत, पेसरवर फक्त संघराज्याची कोर्टे आहेत. दिवाळखोरीचे प्रकरण असते तर तिथे नक्की मिळाले असते. मृत्युपत्र सिद्ध करणे हा राज्याचा विषय असल्यामुळे ते कागद पेसरवर कधीच येत नाहीत.

कृष्णाकाठ, रचना समजून घेण्याचा कंटाळा आला असला तरी तेवढे वाचाच, कारण आपले काम तिथेच अडले आहे. न्यू जर्सीच्या २१ काउंट्यांपैकी प्रत्येकीत 'सरोगेट' नावाचा एक निवडून आलेला अधिकारी असतो आणि मृत्युपत्र त्याच्या कार्यालयात सिद्ध होते. आपण पाहिलेला दिवाणी दाव्यांचा शोध या कार्यालयाच्या फायली दाखवत नाही. तिसरे कार्यालय काउंटी क्लार्कचे. घराची खरेदीखते आणि गहाणखते तिथे नोंदलेली असतात. आपल्याकडे सातबारा तलाठ्याकडे आणि दाव्याची फाईल कोर्टात असते, तशी ही विभागणी समजा. मिडलसेक्सचे सरोगेट कार्यालय न्यू ब्रन्सविकला आहे.

मृत्यूनंतर १० दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र सिद्ध होऊ शकत नाही, परंतु एकदा ते सिद्ध झाले की सार्वजनिक दस्तऐवज होते आणि शुल्क भरून कोणीही त्याची प्रत मागू शकतो. नाते सिद्ध करावे लागत नाही. मामांचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि शेवटचा पत्ता देऊन या नावाने फाईल आहे का आणि तिचा क्रमांक काय, एवढेच आधी ईमेलने विचारा.

कोर्टकचेरी

एवढ्या सहजासहजी परदेशी कोर्ट कागद देत नाही. आईंनी प्रथम नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून तिथल्या एखाद्या नातेवाइकाला अधिकार द्यावेत, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेला सरकारी दाखला) घ्यावे आणि त्या मुखत्याराने तिथला वकील करावा. माझ्या अशिलांची कामे मी याच क्रमाने केली आहेत.

पैलतीर

मुखत्यारपत्र लागते ते मामांच्या वतीने किंवा आईंच्या वतीने काही व्यवहार करायचा असेल तेव्हा. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रत मागणाऱ्याने मुखत्यारपत्र कशासाठी द्यावे? मित्राच्या वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत मी स्वतः खिडकीवर जाऊन घेतली आहे आणि मी त्यांचा कोण, हे मला कोणीही विचारले नाही. कृष्णाकाठ यांना आधी वकिलाच्या खर्चात घालणे मला योग्य वाटत नाही.

कोर्टकचेरी

वाद उद्या कोणी उभा केला तर मुखत्यार लागेलच, म्हणून सांगितले. प्रत मिळाली तरी न्यू जर्सीतील प्रोबेटमुळे कोथरूडचा फ्लॅट आपोआप कोणाच्या नावावर होत नाही. भारताबाहेरच्या कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत सादर करून, ती जोडून प्रशासनपत्र (मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा कोर्टाने दिलेला अधिकार) मिळवण्याची तरतूद भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम २२८ मध्ये आहे. त्या अर्जासाठी कोणत्या प्रतीची मागणी करायची, हे पुण्यातील वकिलाला आधीच विचारून ठेवले तर दुहेरी खर्च वाचेल.

माणदेशी

अमेरिकेच्या मागे कशाला लागता? पुण्याच्या दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला काढा. मामांना बायको-मुले नाहीत, आईवडील नाहीत, तेव्हा बहीण ही वारस आहेच. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि हरकत आली नाही तर दाखला मिळतो. आमच्या चुलत्यांच्या जागेचे काम असेच झाले.

कोर्टकचेरी

आपल्या चुलत्यांचे मृत्युपत्र नव्हते. इथे मृत्युपत्र आहे असे समजले आहे आणि ते ठाऊक असताना कोर्टापासून लपवून वारस दाखल्याचा अर्ज करणे आईंना भलत्याच अडचणीत आणील. मामांनी फ्लॅट दुसऱ्याला दिला असेल, तर तो दाखला उपयोगाचा ठरणार नाही. आधी मृत्युपत्र वाचायला मिळू द्या.

कृष्णाकाठ

न्यू ब्रन्सविकच्या कार्यालयाचे उत्तर आले. या नावाने मृत्युपत्राची किंवा प्रशासनाची कोणतीही फाईल नाही, असे ते म्हणतात. म्हणजे मामांच्या मित्राने खोटे सांगितले का? आईला हे सांगायचे कसे, ते कळत नाही.

पैलतीर

आईंना एवढ्यात काही सांगू नका. फाईल न सापडण्याची पुष्कळ कारणे असतात. सगळी खाती संयुक्त नावावर असतील किंवा त्यांवर वारस नेमलेला असेल, तर मृत्युपत्र सिद्ध करण्याची गरजच पडत नाही. मालमत्ता ट्रस्टमध्ये ठेवली असेल तरीही काउंटीच्या कार्यालयात बहुधा काहीच जात नाही.

आता हे नीट आठवून सांगा. मामा शेवटपर्यंत एडिसनच्याच घरी होते का? मृत्यू कुठे झाला याला इथे महत्त्व नाही. मृत्यूसमयी कायमचे वास्तव्य ज्या काउंटीत होते, तिथल्या सरोगेटकडे फाईल जाते. नावाचे स्पेलिंगही सांगा, पण फक्त अडचणीचे अक्षर. 'व'साठी व्ही की डब्ल्यू?

कृष्णाकाठ

एडिसनचे घर मामी गेल्यावर त्यांनी विकले होते. नंतर ते ज्येष्ठ नागरिकांच्या एका वसाहतीत राहायला गेले. पत्त्यात फ्रँकलिन टाउनशिप असे आहे, पण ते एडिसनच्या जवळच आहे. रुग्णालय न्यू ब्रन्सविकचे होते. आडनावात पासपोर्टवर व्ही आहे, दिवाळीच्या पाकिटांवर मामा डब्ल्यू लिहीत असत. तिकडे सगळे त्यांना नावाच्या अर्ध्या भागानेच हाक मारत.

पैलतीर

मग फाईल मिडलसेक्समध्ये असणारच नाही. फ्रँकलिन टाउनशिप न्यू ब्रन्सविकला लागून असली तरी ती सॉमरसेट काउंटीत येते आणि तिथले सरोगेट कार्यालय सॉमरव्हिलला आहे. त्यांना लिहिताना आडनाव व्ही आणि डब्ल्यू अशा दोन्ही तऱ्हांनी आणि पहिले नाव पूर्ण व अर्धे अशा दोन्ही रूपांत द्या. आपल्या लोकांच्या कागदांवर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव कधी असते, कधी नुसते आद्याक्षर असते, तेही कळवा.

बॉस्टनवासी

एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही. आईंना नोटीस आली होती का? न्यू जर्सीत मृत्युपत्र सिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने) लाभार्थींना आणि जवळच्या वारसांना लेखी कळवायचे असते. आव्हान देण्याची मुदतही छोटी आहे : राज्यात राहणाऱ्यांना ४ महिने, राज्याबाहेर राहणाऱ्यांना ६ महिने. सख्ख्या बहिणीला न कळवणे ही गंभीर बाब आहे आणि आपण ताबडतोब तिथला वकील गाठावा.

कृष्णाकाठ

नोटीस आली नाही. मामांकडे आईचा कराडचा जुना पत्ता असावा, तो वाडा पडून बरीच वर्षे झाली. मामांनी जे लिहिले असेल ते आईला मान्य आहे, आम्हाला कोणाला आव्हान द्यायचे नाही. भावाने शेवटी काय लिहून ठेवले, हे तिला वाचायचे आहे आणि सोसायटीला प्रत द्यायची आहे.

कृष्णाकाठ

सॉमरव्हिलहून उत्तर आले. फाईल सापडली! डब्ल्यूच्या स्पेलिंगखाली आहे आणि 'ऊर्फ' म्हणून पासपोर्टवरचे नावही लिहिलेले आहे. मामांचा तो मित्रच एक्झिक्युटर आहे. आईला सांगितले, तेव्हा तिने लगेच मामांचा फोटो पुसून ठेवला. आता ते विचारतात की साधी प्रत हवी, प्रमाणित हवी की 'एक्झेम्प्लिफाइड' हवी. सोसायटी फक्त प्रमाणित म्हणते. शुल्काचा डॉलरमधील चेक मी कुठून आणू? आणि मालमत्तेची यादी पण मागू का?

कोर्टकचेरी

एक्झेम्प्लिफाइड प्रतच घ्या. तीत सरोगेटचा दाखला, त्यावर न्यायाधीशांचा दाखला आणि पुन्हा सरोगेटचा दाखला असतो. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात कोर्टासमोर ठेवण्यासाठीच ती असते. कलम २२८ च्या अर्जाला तीच जोडावी. त्यानंतर न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून ती साक्षांकित करून घ्या.

पैलतीर

प्रतीबद्दल सहमत आहे, दूतावासाबद्दल नाही. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात सामील झाला आणि अमेरिका त्याआधीपासून आहे, त्यामुळे दस्तऐवजावर राज्याचे अपोस्टिल पुरेसे असते. न्यू जर्सीत ते काम राज्याचे कोषागार खाते ट्रेंटनला करते. एकाच पाकिटात दोन्ही कामे होत नाहीत. आधी सॉमरव्हिलहून प्रत येईल, मग ती ट्रेंटनला जाईल. म्हणून चेक पाठवणे आणि प्रत पुढे धाडणे, या दोन्ही गोष्टी तिथल्या एखाद्या नातेवाइकाकरवी किंवा मित्राकरवी करा. कोणी नसेल तर मला निरोप पाठवा, मी सॉमरव्हिलपासून दूर नाही.

यादी मागा, पण ती मिळेलच असे धरू नका. एक्झिक्युटरला ती दर वेळी कोर्टात दाखल करावी लागत नाही. ती त्या मित्राकडेच मागावी लागेल. आईंनी त्यांना आपला नवा पत्ता कळवून पत्र लिहावे. मृत्यूचा दाखला मात्र कोर्टाकडे मागू नका. न्यू जर्सीत तो सार्वजनिक नसून ठरावीक नातेवाइकांनाच मिळतो. सख्ख्या भावंडांना तो मागता येतो, भाच्याला किंवा भाचीला नाही, त्यामुळे तो अर्ज आईंच्या नावानेच जाऊ द्या.

अनिकेत_पु

प्रत स्कॅन करून ईमेलने मागवली तर दोन आठवडे वाचतील.

कोर्टकचेरी

वाचायला स्कॅन चालेल, सोसायटीला आणि कोर्टाला नाही. प्रमाणित प्रतीवरचा उठावाचा शिक्का बोटाला लागतो, झेरॉक्सवर तो उमटतही नाही. आणखी एक सांगून ठेवते. प्रत हातात आल्यावर झेरॉक्स काढण्यासाठी पानांच्या कोपऱ्यातली पिन काढू नका. पाने सुटी केलेली दिसली, तर एखादे पान बदलले असावे अशी शंका घेऊन कार्यालये प्रत नाकारतात आणि सॉमरव्हिलपासून सगळे पुन्हा करावे लागते. झेरॉक्सवाल्याला पाने उलटून, पिन तशीच ठेवून काढायला सांगा आणि तो काढेपर्यंत तिथेच उभे राहा.

कृष्णाकाठ

पैलतीर, निरोप पाठवला आहे. पुण्यातील वकिलांची वेळ गुरुवारची मिळाली आहे आणि सोसायटीला फाईलचा क्रमांक कळवून मुदतवाढीचा अर्ज आजच देत आहे.