माहिती अधिकाराच्या अपिलात कलम ८(२) कसं मांडायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या रस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांची नावं आणि पाहणी अहवाल मी माहिती अधिकारात मागितले होते. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणारं कलम, बदललं, नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं. व्यापक जनहिताची तरतूद त्या कलमातून गेली, हे खरं. पण कलम ८(२) अजून शाबूत आहे ना! जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. जनतेच्या पैशातून झालेल्या कामावर सही करणाऱ्याचं नाव खासगी कसं?

३० दिवसांत प्रथम अपील करायचंय. या बदलानंतर मुंबईत कुणी ८(२) चा आधार घेतलाय का? जनहित कोणत्या कागदांनी दाखवलंत? अपिलाचा मसुदा असेल तर नावं झाकून इथे टाका, प्लीज.