मराठी विनोदी स्क्रिप्ट: देवनागरीत फॉरमॅट का बिघडतो? सॉफ्टवेअर घ्यावं की टेम्प्लेट पुरे?

शेवटची_कर्जत:
नमस्कार मंडळी. २२ मिनिटांच्या मराठी सिटकॉमचा पायलट (पहिला नमुना भाग) तयार आहे, सोबत दोन छोटी स्किट्स. अंधेरीतल्या एका प्रॉडक्शनला पीडीएफ द्यायची आहे. त्यांची अट एवढीच: "स्टँडर्ड फॉरमॅट, पानाला एक मिनिट." इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मजकूर ओतला तर पात्रांची नावं ओळखलीच जात नाहीत, संवाद वर्णनासारखे डावीकडे चिकटतात. वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. आणि तीच फाइल एका लॅपटॉपवर ३१ पानं, दुसऱ्यावर ३८. विकतचं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सुटेल का?

विंगेतला_माणूस:
लगेच पैसे टाकू नका. आधी पानांचं बघू. पानाला एक मिनिट हा हिशेब १२ पॉइंट कुरिअर फाँटवर बेतलेला आहे: सगळी अक्षरं सारख्या रुंदीची, आडव्या इंचात १०, उभ्या इंचात ६ ओळी. कुरिअरमध्ये देवनागरी नाहीच. मग मशीन हाताला लागेल तो फाँट घालतं, विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर. प्रत्येकाची उंची-रुंदी वेगळी, म्हणून ३१ ची ३८ झाली. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, हे दोन्ही फाँट फुकट आहेत. एक ठरवा, सगळ्या मशीनवर तोच टाका आणि बाहेर फक्त पीडीएफ जाऊ द्या. वर्डची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की फोनवर पानं पुन्हा वेगळी पडतात. वाचनाला "पान १४ काढा" म्हटलं की निम्मे कलाकार १६ वर.

वेलांट्या कापल्या जातात कारण टेम्प्लेटमध्ये ओळीचं अंतर 'एक्झॅक्टली १२' असतं. देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते. १२ पॉइंट मुक्ताला एक्झॅक्टली १८ ते २० द्या. 'सिंगल' नको, तिथे फाँट बदलला की उंचीही बदलते.

वर्डमधली खरी गोम वेगळीच आहे. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फाँट आणि आकार वेगळ्या रकान्यात ठेवतं. स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फाँट असं जा. वरच्या रकान्यात १२ आणि कॉम्प्लेक्सच्या रकान्यात ११ राहिलं तर मराठी ११ मध्येच छापली जाते आणि माणूस डोकं धरून बसतो. लिब्रे ऑफिसमध्ये हाच रकाना 'सीटीएल' किंवा 'कॉम्प्लेक्स' नावाने सापडेल.

स्टाइल्स चारच करा: सीन, वर्णन, पात्र, संवाद. कागद ए-फोर, डावा समास दीड इंच, बाकी एकेक. पात्राला डावीकडून २.२ इंच इंडेंट, संवादाला डावीकडून १ आणि उजवीकडून सव्वा. पात्राच्या स्टाइलला 'कीप विथ नेक्स्ट' लावाच, नाहीतर नाव पानाच्या तळाशी आणि संवाद पुढच्या पानावर. 'पुढची स्टाइल' पात्रानंतर संवाद, संवादानंतर पात्र अशी जोडली की एंटर मारत जुगलबंदी सलग लिहिता येते. आयते टेम्प्लेट बहुधा अमेरिकन लेटर आकाराचे असतात. ए-फोर त्याहून सुमारे १८ मिलिमीटर उंच, म्हणजे कुरिअरच्या हिशेबाने चारेक ओळी जास्त. इथेही पानं सरकतात.

कंसात_हसतो:
नावं न ओळखण्याचं कारण साधं आहे. फाउंटन हा साध्या टेक्स्टमध्ये स्क्रिप्ट लिहिण्याचा फॉरमॅट (२०१२ पासून आहे, बरीच अ‍ॅप वाचतात) पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतो. आपल्याकडे कॅपिटल कुठून आणणार? पण जबरदस्तीने ओळखायला लावायची चिन्हं त्यातच आहेत. नावाआधी @, सीनच्या ओळीआधी एक टिंब ('इंट.' म्हणजे इंटिरियर, आतलं दृश्य):

.इंट. चाळीची गॅलरी - सकाळ

नाना कोरड्या नळाला कान लावून बसलेत. शालन बादली घेऊन उभी.

@नाना
(कुजबुजत)
येतंय... येतंय...

@शालन
पाणी?

@नाना
नाही. वरचे कुलकर्णी.

छापताना @ आणि पहिलं टिंब गळून पडतं. नाव आणि संवाद यांच्यामध्ये रिकामी ओळ सोडू नका, सोडली की संवादाचं वर्णन होतं. शीर्षकपानावरचे टायटल, ऑथर हे शब्द मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.

विनोदी लेखकाला खरा फायदा दुहेरी चौकोनी कंसाचा: [[कुलकर्णींऐवजी घरमालक?]] असे पर्यायी पंच संवादाखालीच ठेवता येतात, आणि टिपा वगळून पीडीएफ काढली की दिसत नाहीत. खोडायचा नाही पण सध्या नको असलेला आख्खा सीन /* आणि */ यांच्यामध्ये टाका.

विकतचं असो वा फुकटचं, अ‍ॅप निवडण्याआधी ही ओळ टाकून पीडीएफ काढा: "लक्ष्मीच्या कुऱ्हाडीने मूर्तिमंत हृद्रोगतज्ज्ञ उद्ध्वस्त." ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसली किंवा चौकोन आले तर ते अ‍ॅप आपल्या कामाचं नाही, ट्रायल संपायची वाट बघू नका. स्क्रीनवर नीट दिसून पीडीएफमध्ये बिघडतं असंही होतं, म्हणून तपासायची ती पीडीएफच. आणि मजकूर टायपिस्टकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून घ्या, कन्व्हर्टर रफारात हमखास घोटाळा करतो.

तिसरी_घंटा:
वरचं सगळं बरोबर, पण "स्टँडर्ड" म्हणजे कोणतं ते प्रॉडक्शनला आधी विचारा. सिटकॉमचे दोन फॉरमॅट आहेत. सिंगल कॅमेरा सिनेमासारखा. मल्टिकॅमेरा, म्हणजे प्रेक्षकांसमोर सेटवर, त्यात संवाद दुहेरी अंतराने लिहितात, पानाला साधारण अर्धं मिनिट पडतं, २२ मिनिटांना ४० ते ५० पानं होतात. वर्णन तिथे कॅपिटलमध्ये असतं. मराठीत अधोरेखित करा. इटॅलिक नकोच, देवनागरीत बहुतेक वेळा नुसती अक्षरं तिरकी ढकललेली दिसतात. सीनच्या ओळीखाली त्या सीनमधल्या पात्रांची यादी कंसात देतात. ही सवय सिंगल कॅमेऱ्यातही लावून घ्या, असिस्टंट डिरेक्टर दुवा देईल.

स्किटला या कशाची गरज नाही. नाटकाची आपली पद्धत उत्तम: नाव, टॅब, संवाद, आणि सव्वा इंचाचा हँगिंग इंडेंट, म्हणजे दुसरी ओळ नावाखाली घुसत नाही. गूगल डॉक्समध्येही हे जमतं. तिथे स्वतःच्या नावाच्या नव्या स्टाइल्स बनवता येत नाहीत, म्हणून सीनला हेडिंग १ द्या, डावीकडे सीनची यादी आपोआप मिळते.

लांबीचं म्हणाल तर देवनागरीत पानं मोजून मिनिटं सांगूच नका. तीन सीन घड्याळ लावून मोठ्याने वाचा: एक जुगलबंदीचा, एक लांब संवादाचा, एक धडपडीचा. तुमच्या फाँटला पानामागे किती सेकंद पडतात ते त्यातून काढा आणि पहिल्या पानावर अंदाजे मिनिटं लिहा. "नाना शिडीवरून घसरतात" ही एक ओळ पडद्यावर अर्धं मिनिट खाते. घसरणं, लोंबकळणं, लुंगी अडकणं अशा वेगळ्या ओळी करा, हिशेबही जवळ येतो आणि दिग्दर्शकाला गंमत कुठे आहे तेही कळतं. पंचनंतर कंस टाकू नका. हशा पिकायच्या जागी "(हसून)" वाचायला लागलं की जागा गेली.

प्रॉडक्शनला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे स्क्रिप्टची नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते. स्किटचा जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. तिथे पर्यायी पंच काढलेली स्वच्छ प्रत द्या.

शेवटची_कर्जत:
भारी. चिन्हं टाकल्यावर नावं जागेवर आली. आता एकच: पात्रांच्या यादीत "गोऱ्हे" दोनदा येतंय, एकाचे ४२ संवाद, दुसऱ्याचे ९. दिसायला दोन्ही सारखेच.

कंसात_हसतो:
दिसतात सारखे, आत वेगळे आहेत. एका कीबोर्डने खाली टिंब असलेला ऱ वापरून जोडलंय, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. मशीनला ते दोन वेगळे शब्द. यादीतलं कमी संवादांचं नाव कॉपी करा, फाइंडमध्ये पेस्ट करा आणि रिप्लेसमध्ये दुसरं. मग "दुसऱ्या", "बिचाऱ्या" असे शब्दही तसेच बघा, नाहीतर शोधताना अर्धेच सापडतील. सहलेखक असेल तर दोघांनी एकच कीबोर्ड ठेवा, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जे काय असेल ते.