मतदार नोंदणी आणि कामधंदा एकाच टेबलावर हवा का?

ऐरोलीकर (धागाकर्ता): नवी मुंबईत रबाळे स्टेशनबाहेर दिघ्याची एक मुलगी दर रविवारी टेबल मांडून बसते. वय बावीस-तेवीस. टेबलावर दोन गठ्ठे: मतदार नोंदणीचा नमुना ६ आणि शिकाऊ उमेदवारीला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी. परवा फिटरचा आयटीआय झालेला एक पोरगा आला. "मत देऊन काय मिळणार, ताई?" तिने भाषण दिलं नाही. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, हे सांगितलं आणि त्यासाठी नोंदणी कुठे करायची ते पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. तो चार पावलं गेला, परत आला आणि स्वतःहून नमुना ६ मागितला. २०२४ च्या लोकसभेला आपल्या ठाणे मतदारसंघात मतदान जेमतेम निम्म्याच्या आसपास झालं. नुसतं "मतदान करा" ओरडून पोरं येत नाहीत. दोन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत.

निवृत्त शिक्षक, वाशी: मुलीच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, म्हणून सांगतो. नोकरीचा आणि मतदार यादीचा कागद एकाच हातून मिळाला की 'हा भरला तर तो मिळेल' असं गरजू पोराला वाटणारच. उद्या एखादा इच्छुक नगरसेवक त्याच टेबलाशी उभा राहिला तर? मत हा हक्क आहे, त्याला आमिषाची सावलीसुद्धा नको. टेबलं वेगळी ठेवा.

माथाडीचा मुलगा, घणसोली: सर, टेबलं वेगळी केली तर रांग एकाच टेबलापुढे लागेल, आणि ती मतदार नोंदणीची नसेल.

गाववाला, कोपरखैरणे: नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या आम्हा प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मतपेटीने दिले नाहीत. १९८४ ला उरणच्या जासई-नवघर भागातल्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा सरकार हललं. पोरांना रस्त्यावर उतरायला शिकवा.

ऐरोलीकर: दादा, त्या हुतात्म्यांपुढे मान खालीच. पण त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील आमदार होते, खासदारही होते. आपल्या माणसांनी मतं दिली म्हणूनच ना?

तुर्भे स्टोअर: मला राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर म्हणून महिना १०,००० मिळाले. मुदत संपली, घरी बसलो. मतदानही केलं होतं. तुमच्या टेबलाने पोरांना आशा लावू नये, एवढंच म्हणणं आहे.

ऐरोलीकर: तुमचा राग रास्त आहे. विद्यावेतन म्हणजे नोकरी नव्हे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. वाशीच्या सरांचंही पटलं. 'या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही' अशी पाटी लावायला तिला सांगतो. पण टेबल एकच राहावं, या मतावर मी ठाम आहे.

भाडेकरू, दिघा: माझं नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे. चाळमालक भाडेकरार करून देत नाही. काय करू?

माथाडीचा मुलगा, घणसोली: तुला नमुना ६ नाही, नमुना ८ लागेल, पत्ता बदलायचा. इथल्या पत्त्याचं बँकेचं पासबुक चालतं. रविवारी ये, मीही आहे तिथे.