प्रयोग चालू असताना तुमच्या हातात काय होतं? (कॉलेजच्या नाटकांचे अनुभव)

काल माळा आवरताना एक हातोडी सापडली. दांड्याला लाल टेप गुंडाळलेली. पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या मागच्या अंगाला एका कॉलेजचा सेट मोडत असतो आणि दुसऱ्याचा टेम्पोतून उतरत असतो, तेव्हा हातोड्या हमखास अदलाबदल होतात. म्हणून आमच्या कॉलेजची खूण लाल टेप. वीसेक वर्षांपूर्वी ती परत करायची राहून गेली. चोरलीच म्हणा.

मी नट नव्हतो. पुरुषोत्तम करंडकाला सलग तीन वर्षं होतो आणि तिन्ही वर्षं एकदाही प्रकाशात आलो नाही. १९६३ पासूनची स्पर्धा, तासाभराची एकांकिका, बाहेर ‘अरे आव्वाज कुणाचा’ चालू, आणि मी फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीच्या, आड पोटावर आडवा. का, तर एका लेव्हलचा, म्हणजे लाकडी चौथऱ्याचा, पाय डुगडुगत होता आणि तो सुताराकडून करून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. तो दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, हे माझं काम. आमची नायिका त्या लेव्हलवर उभी राहून रडायची. तालमीत खोटं रडायची तेव्हा लाकूड नुसतं करकरायचं. प्रयोगात हुंदका आला तो आधी माझ्या मनगटाला कळला, मग कानाला.

तर धागा यासाठी. करंडकाच्या आठवणी सगळ्यांकडे असतात आणि त्या फार एकसारख्या असतात. मी एवढंच विचारतो: प्रयोग चालू असताना तुमच्या हातात काय होतं? एकांकिका, गॅदरिंगचं तीन अंकी, जुनं संगीत नाटक, भाषांतरित, काहीही चालेल. कॉलेजचं आणि माणसांचं नाव मात्र नको. उगाच जुनी उणीदुणी निघतात.

*

सांगली. हातात वही आणि टॉर्च.

आमच्याकडे १८४३, विष्णुदास भावे आणि ‘सीतास्वयंवर’ हे म्हटल्याशिवाय नाटकाबद्दल तोंड उघडायची पद्धत नाही. म्हणून टाकलं.

मी प्रॉम्प्टर. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन लावलेलं, म्हणजे विंगेतला उजेड पहिल्या रांगेला दिसू नये. गॅदरिंगला ‘नटसम्राट’ घेतलं होतं. १९७० पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅदरिंगला कुणीतरी बेलवलकर होतोच, त्यातला आमचा एकोणीस वर्षांचा. डोक्याला इतकी झिंक पावडर, की त्यानं मान झटकली की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं.

प्रॉम्प्टरचं खरं काम वाक्य द्यायचं नसतं, कधी द्यायचं नाही हे ओळखायचं असतं. दोन महिने तालमी बघून मला एक खूण सापडली होती. ब्लँक झालेला नट श्वास आत घेतो आणि तिथंच ठेवतो. पॉज घेतलेला नट श्वास सोडतो. यावर मी फार खूश होतो. प्रयोगात स्वगताच्या मध्यावर पठ्ठ्यानं श्वास घेतला आणि ठेवला. मी दोन सेकंद थांबलो आणि वाक्य दिलं. जरा मोठ्यानंच दिलं.

तो पॉज होता.

पहिल्या तीन रांगांना माझा आवाज गेला. त्यानं सावकाश मान वळवली, विंगेकडं बघितलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाला, ‘कोण आहे तिकडं?’ संहितेत असलं काही नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भास व्हायला लागले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विंगेत आल्यावर त्यानं मला जे ऐकवलं ते मात्र शिरवाडकरांच्या भाषेत नव्हतं.

*

नाशिक. हातात वकिलाची फाईल, आणि ती हलवायची नाही.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’. मी सुखात्मे. ज्यांनी पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी: एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला अभिरूप खटला खेळते, आरोपी करते बेणारे नावाच्या शिक्षिकेला, आणि खेळता खेळता तिला खरीच फाडून खाते. तेंडुलकरांनी १९६७ साली जे लिहिलंय ते आमच्या गल्लीत आजही दर रविवारी चालतं, फक्त कोर्ट म्हणत नाहीत.

शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात. ती बोलायला लागते, आणि बाकीचे सगळे जिथल्या तिथं गोठतात. आमच्या बेणारेची ती दहा सेकंदं आठ मिनिटं चालायची. आठ मिनिटं पापणीसुद्धा हलवायची नाही, असा दिग्दर्शकाचा हुकूम. तालमीत जमलं. प्रयोगाच्या दिवशी खुल्या रंगमंचावर, ऑक्टोबरात, संध्याकाळी साडेसातला, माझ्या नाकाच्या शेंड्यावर डास बसला.

डास बसलेला दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळे तिरळे केले की त्याचे मागचे पाय दिसतात. तो आधी नुसता फिरला. मग जागा निवडली. समोर एक मुलगी स्वतःच्या आयुष्याचा कोळसा करून सांगतेय, प्रेक्षागृह सुन्न, आणि माझ्या डोक्यात एकच विचार की हा उजवीकडून पितोय की डावीकडून. तिचं स्वगत मी त्या दिवशी ऐकलंच नाही. याची आजही लाज वाटते. तसा सुखात्मेही ते ऐकत नाहीच, हा युक्तिवाद मी नंतर दिग्दर्शकापुढे करून पाहिला. चालला नाही.

*

पुणे. हातात सेलोटेप आणि पाच पानं.

इंजिनिअरिंगला असताना आम्हाला बेकेट करायची हुक्की आली. ‘वेटिंग फॉर गोदो’, म्हणजे दोघं जण झाडाखाली कुणा गोदोची वाट बघत बसतात ते नाटक. त्याचं मराठी आम्हीच केलं, त्यामुळे ते कसं होतं ते विचारू नका. रंगमंचावर झाड एकच, वठलेलं. दुसऱ्या अंकात त्याला चार-पाच पानं फुटलेली दिसतात. कुणाला ती आशा वाटते, कुणाला बेकेटची खोडी. मला ते मध्यंतरात उरकायचं काम वाटत होतं.

मी प्रॉपर्टी बघायचो. टेकडीवरून मस्त वाळकी फांदी आणली, पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून उभी केली आणि आदल्या रात्री हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी डबा होता, फांदी नव्हती. हॉल झाडणाऱ्या मावशींनी कचरा म्हणून मोडून बंबात घातली होती. त्यांची काय चूक? नाटकातली ती दोघंही त्या झाडाकडे बघून दुसरं काय म्हणतात!

मग दुपारी तीन वाजता होस्टेलमागच्या पेरूची हिरवी फांदी तोडली आणि सगळी पानं खुडली. खुडलेली पाच पानं मध्यंतरासाठी खिशात ठेवली. ओल्या फांदीला सेलोटेप चिकटत नाही. दुसरा अंक सुरू झाल्यावर पहिलं पान दहा मिनिटांत पडलं. मग दुसरं. पाचवं पडलं तेव्हा मागून एकच टाळी आली, आणि ती कुठल्या वाक्यासाठी नव्हती. पहिल्या अंकाला सत्तर लोक होते, दुसऱ्याला एकोणीस. त्या एकोणिसातल्या एका प्राध्यापकांनी नंतर आम्हाला थांबवून विचारलं, पानगळीची कल्पना कुणाची?

*

फोंडा, गोवा. हात ऑर्गनवर, पाय भात्यावर.

आमच्याकडे नाटक शिकावं लागत नाही, जत्रेला देवळासमोर पहाटेपर्यंत बसलं की अंगात येतं. माझ्या आजोबांनी जत्रेच्या नाटकांत लुगडं नेसून शारदा केली होती, आणि कॉलेजात ‘संगीत शारदा’ बसलं तेव्हा माझी चुलतबहीण शारदा झाली. देवलांचं नाटक १८९९ चं. कॉलेजातल्या मुलांना वाटलं, जुनाट विषय, म्हातारा नवरा, पैसे मोजून मुलगी देणारा बाप. पहिल्या वाचनाला आमच्यातलीच एक मुलगी मध्येच उठून गेली. तिच्या आत्येचं असंच झालं होतं. त्यानंतर कुणी ‘जुनाट’ म्हटलं नाही.

मी ऑर्गनवर. पदं काळी चारच्या पट्टीत बसवलेली. प्रयोगाच्या दिवशी शारदेचा घसा बसला. पडदा उघडायच्या आधी ती पीटात वाकून पुटपुटली, ‘काळी तीन’. ज्यांना वाजवायचा सराव नाही त्यांना सांगते, पट्टी बदलली म्हणजे बोटांचा सगळा नकाशाच बदलतो. पाठ केलेलं काही कामाला येत नाही, कानावर चालावं लागतं. दोन पदं घाम पुसत काढली. तिसऱ्याला तिनं कुठून आवाज आणला कोण जाणे, लोकांनी वन्स मोअर दिला, आणि सगळ्यात मोठ्यानं आमच्या आजोबांनी. नातीचा घसा बसलाय हे त्यांना माहीत होतं. घरी आल्यावर आजीनं विचारलं तर म्हणाले, वन्स मोअर आला की गळा सुटतो, मी स्वतः पाहिलंय. सुटला नाही. दुसऱ्यांदा तिनं अर्धं पद माझ्या ऑर्गनवर सोडून दिलं आणि नुसती बघत उभी राहिली. आजोबा तरी खूश.

*

लातूर. हातात सूप.

धान्य पाखडायचं सूप, प्यायचं नव्हे.

१९८७ ची गोष्ट. एकांकिका करायची तर लेखकाची परवानगी हवी, संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून म्हणजे सेन्सॉरकडून पास झालेली हवी. हा सगळा कागदपत्रांचा भाग माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं. लेखकांना आंतर्देशीय पत्र टाकलं आणि पंचवीस रुपये मानधन मनीऑर्डरनं पाठवलं. पत्रात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की आमच्याकडे ध्वनियोजनेची सोय नसल्यानं तिसऱ्या प्रवेशातला पाऊस काढत आहोत.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. परवानगी दिली होती, मानधनाची पोच होती आणि खाली एक ओळ: ‘पाऊस काढू नका, हवं तर एखादं पात्र काढा.’

झाली पंचाईत. टेपवर पाऊस भरायचा तर आधी तो पडायला हवा, आणि ते आमच्याकडचं पाऊस न पडलेलं वर्ष. मग मेसच्या बाईंकडून सूप आणलं. तांदूळ घालून पाहिले, फार बारीक, उंदीर फिरल्यासारखं. हरभरा म्हणजे थेट गारपीट. ज्वारी बरोबर बसली. सूप आडवं धरून सावकाश कललं की लांबची सर येते, हिसडा दिला की पन्हाळीतली धार. बाजूला एक जण पत्र्यावर बोटं वाजवायचा, ते टपोरे थेंब. सतरा मिनिटं. प्रयोगानंतर ज्वारी मोजून परत द्यावी लागली. बाई म्हणाल्या, पावसात भिजली नाही ना?

*

नागपूर. हातात शेजाऱ्याचा खांदा. ऑडिशनला चाळीस पोट्टे आले आणि सरांना कोणालाच नाही म्हणवेना, म्हणून ‘घाशीराम कोतवाल’ घेतलं. त्यात माणसांचीच भिंत असते ना, माणसांचाच पडदा. मी पडदा होतो. गाणं म्हणत डोलायचं आणि वेळ आली की लोकांकडे पाठ करायची. १९७२ पासून इतकं गाजलेलं नाटक, मी त्यात पंधरा प्रयोग होतो, आणि आमचा नाना फडणवीस मागे काय करत होता ते मला फोटो धुऊन आल्यावर कळलं. शेजाऱ्याच्या खांद्यावर गळू होतं, ते मात्र पूर्ण लक्षात आहे.

*

पुणे. हातात पेढ्यांचा पुडा. २०२२. मैत्रिणीचा संघ पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत होता. निकाल लागला आणि परीक्षकांनी सांघिक करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदा. टाळी वाजवायची की नाही हेच कळेना. सदाशिव पेठेच्या एका कट्ट्यावर रात्री दीडपर्यंत भांडण: दर्जा नसेल तर का द्यावा, आणि तीन महिने राबलेल्या पोरांनी काय करावं. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि त्यामुळेच भांडण मिटलं नाही. पेढे संपले.

*

(धागाकर्ता) पडदा, पाऊस, पानगळ! एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं. सांगलीकर, श्वासाची खूण मी आमच्या सध्याच्या ग्रुपला वाचून दाखवली. उद्यापासून प्रॉम्प्टर बदलतोय म्हणाले.

*

कोथरूड, मूळची नाशिक. हातात काहीच नव्हतं.

नाशिकचे सुखात्मे, मी तुमची बेणारे.

मला तो डास दिसत होता.

त्या स्वगतात एक जागा होती जिथं मी चालत तुझ्या टेबलापर्यंत यायचे आणि तुझ्या डोळ्यांत बघून बोलायचे. महिनाभर घोटलेली जागा. त्या दिवशी आले आणि बघते तर तू तिरळा. नाक लाल, डास टम्म फुगलेला, आणि तू बिचारा प्रामाणिकपणे गोठलेला. मला इतकं हसू फुटलं की ते दाबायला मी गर्रकन वळले आणि पुढचा अख्खा परिच्छेद लोकांकडे पाठ करून म्हटला. खांदे हलत होते ते हसण्यानं.

माझे बाबा तिसऱ्या रांगेत होते. हे नाटक मी करू नये म्हणून घरी पंधरा दिवस अबोला होता, तरी आले होते. रिक्षात बसल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पाठ केलीस तेव्हा मात्र बघवेना गं.’

त्यांना मी कधी सांगितलं नाही. तूही हे इथून बाहेर नेऊ नकोस.